चेहरा आणि नाव
समकालीन छायाचित्रकार आणि त्यांच्या प्रकल्पांमागील माणसे



स्मृतिव्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, शिक्षण, समाजप्रबोधन असे विषय डोळ्यांसमोर येतात. त्या पंक्तीत छायाचित्रणासारखा विषय आणून बसविला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु थोडा विचार केला तर हा विषय स्मृतीपासून मुळीच दूर नाही, असे दिसेल. ज्या घरात दिवंगत माणसाची आठवण जपली जाते, त्या घराच्या भिंतीवर त्याचे छायाचित्र असते. त्याला हार असतो, पुण्यतिथीला त्यापुढे समई लागते. हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. आपल्या भाषेनेही हे नाते अचूक ओळखलेले आहे. मराठी माणूस फोटो 'काढतो' आणि आठवणही 'काढतो'. मात्र याच क्रियापदाने तो दुसऱ्याचे उणे काढतो, लायकी काढतो, प्रसंगी वाभाडेही काढतो.

आजच्या विवेचनाचे सूत्र या एका क्रियापदात आहे. एखाद्या माणसाचे छायाचित्र काढणे हे त्याची आठवण काढण्याच्या जातीचे आहे की त्याची लायकी काढण्याच्या जातीचे, हे कशावरून ठरते? कॅमेऱ्याच्या किमतीवरून किंवा प्रकाशयोजनेवरून ते ठरत नाही. कॅमेऱ्याच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस यांच्यातील नात्यावरून ते ठरते. म्हणूनच समकालीन छायाचित्रकारांच्या महत्त्वाच्या कामांमागील व्यक्तिगत हकिकती या निव्वळ मनोरंजक आख्यायिका मानता येत नाहीत. त्या हकिकती बाजूला ठेवल्या तर ते काम अर्धेच समजते.

प्रकल्प म्हणजे काय?

प्रथम 'प्रकल्प' हा शब्द स्पष्ट करून घेऊ. वृत्तपत्रातील छायाचित्र हे घटनेचे असते. पूल कोसळला, मंत्री आले, मिरवणूक निघाली, की छायाचित्रकार तेथे पोहोचतो, काम करतो आणि परततो. प्रकल्पाचे तसे नाही. त्यात छायाचित्रकार एखादा समाज, एखादी जागा, एखादा व्यवसाय किंवा एकच माणूस निवडतो आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातो; कधी तीन वर्षे, कधी वीस वर्षे. फिल्मच्या काळात एका रोलवर छत्तीस छायाचित्रे येत. रोल धुतल्यावर ती सर्व एकाच कागदावर लहान आकारात छापून घेत. त्यास कॉन्टॅक्ट शीट म्हणत. भिंगातून ती पाहून एखाद्या चित्रावर खूण करायची, उरलेली बाजूला ठेवायची. अशा शेकडो कागदांतून शेवटी पन्नास-साठ चित्रे उरतात. त्यांचा क्रम लावणे, कोणत्या चित्राशेजारी कोणते ठेवावे हे ठरविणे, त्यातून प्रदर्शन किंवा पुस्तक उभे करणे, हा सर्व प्रकल्पाचा भाग होय. कादंबरीकार ज्या चिकाटीने लिहितो, तीच येथे लागते. फरक एवढाच की कादंबरीकाराची पात्रे त्याच्या मनात राहतात. छायाचित्रकाराची पात्रे शेजारच्या गावात राहतात, आणि पुस्तक छापून झाल्यावरही त्यांना त्याच गावात राहायचे असते.

नमुना आणि माणूस

छायाचित्रण हिंदुस्थानात फार लवकर आले. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचा शोध जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. या संस्थेच्या पहिल्या पिढीतील एक क्रियाशील सभासद म्हणजे डॉ. नारायण दाजी. आपल्या गोमंतकीय श्रोत्यांना हे नाव विशेष जवळचे वाटावे, कारण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू, आणि लाड कुटुंब मूळचे पेडणे महालातील मांद्र्याचे. थोरल्या बंधूंचे नाव भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली देण्यात आले आणि ते सर्वतोमुखी झाले. धाकट्या बंधूंनी मुंबईतील निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची छायाचित्रे घेतली, हे मात्र अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पेडण्याच्या मातीशी नाते असलेला एक वैद्य भारतीय छायाचित्रणाच्या अगदी उगमापाशी उभा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु त्या काळच्या छायाचित्रणाची एक मर्यादाही येथेच दिसते. त्या चित्रांतील माणूस बहुधा निनावी असतो. चित्राखाली जात असते, धंदा असतो, प्रांत असतो, नाव नसते. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख पटवून घ्यायची होती, आणि ती ओळख जातीजमातींच्या नमुन्यांतून होईल असे त्यांना वाटत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ वहीत पान चिकटवून त्याखाली जातीचे नाव लिहितो, त्यातलाच हा प्रकार. पानाला विचारावे लागत नाही. या माणसांनाही बहुधा कोणी विचारले नसावे. येथे छायाचित्राने माणसाचे माप काढले, आठवण काढली नाही.

मग समकालीन छायाचित्रकारांनी काय बदलले? काही उदाहरणे पाहू.

परत दिलेला रोल

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१ सालचा, दिल्लीचा. गोव्याशी, विशेषतः बार्देशातील साळगावाशी, त्यांचा दीर्घ संबंध आहे. १९८१ साली त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत शिकत होत्या. वर्गाच्या कामासाठी त्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्या मैफलीची छायाचित्रे काढावयास गेल्या. आयोजकांपैकी कोणीतरी त्यांना अडविले. त्या धक्काबुक्कीत त्या सर्वांसमक्ष पडल्या. विद्यार्थिदशेतील दुसरी मुलगी रडत घरी गेली असती. या मुलीने उस्तादांना ऐकवले की आज मी विद्यार्थिनी असले तरी एक दिवस मोठी छायाचित्रकार होईन, तेव्हा पाहू. उस्तादांनी तिला दार उघडून दिले. त्यानंतर सहा हिवाळे तिने त्यांच्याबरोबर आणि इतर वादकांबरोबर प्रवास केला. १९८६ साली त्यातून पुस्तक झाले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन निवर्तले. ते आपले पहिले गुरू, असे दयानिताबाई नेहमी सांगत आल्या. त्यांच्याकडून त्या तबला शिकल्या नाहीत, रियाज शिकल्या.

त्यांच्या आयुष्यातील दुसरी हकिकत अधिक महत्त्वाची आहे. १९८९ साली लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रासाठी तृतीयपंथीयांवर काम करताना दिल्लीत त्यांची मोना अहमद यांच्याशी भेट झाली. मोनांनी मोकळेपणाने छायाचित्रे काढू दिली. नंतर ती लंडनच्या वृत्तपत्रात छापून येणार आहेत, हे त्यांना कळले. त्यांचे काही नातेवाईक लंडनमध्ये होते. त्यांनी रोल परत मागितला, आणि दयानिताबाईंनी तो देऊन टाकला.

हा प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, परदेशी वृत्तपत्राचे काम हातात असताना, काढलेला रोल परत देणे म्हणजे पिकलेले शेत सोडून देण्यासारखे आहे. त्या दिवशी वृत्तपत्राला चित्र मिळाले नाही. पण एक मैत्री सुरू झाली, आणि ती २०१७ साली मोनांचा मृत्यू होईपर्यंत टिकली. मोनांनी मूल दत्तक घेतले, त्याचे वाढदिवस थाटाने केले, ते मूल दुरावले, आणि शेवटी त्या कबरस्तानात राहू लागल्या. या सर्व अवस्थांत दयानिता सिंग त्यांच्या घरच्या माणसासारख्या हजर होत्या. २००१ साली 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक निघाले. त्यात मजकूर मोनांचा आहे. त्यांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रांतून त्या स्वतःची कहाणी स्वतः सांगतात. शीर्षकातही 'मी' हा शब्द त्यांचाच आहे. 'द पीपल ऑफ इंडिया'मधील निनावी नमुन्यापासून 'मी मोना अहमद' म्हणणाऱ्या या माणसापर्यंतचे अंतर हेच भारतीय छायाचित्रणाने दीडशे वर्षांत केलेल्या प्रवासाचे अंतर होय.

२०२२ साली दयानिता सिंग यांना स्वीडनमधील हासेलब्लाड पुरस्कार मिळाला. दक्षिण आशियातील छायाचित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. परंतु आपल्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील एक लहान नोंदही मोलाची आहे. २००० साली त्यांनी 'डिमेलो वाडो' या नावाचे प्रदर्शन भरविले ते साळगाव इन्स्टिट्यूटमध्ये. वाड्याचे नाव असलेले प्रदर्शन मोठ्या शहरात नेण्याऐवजी त्या गावातच मांडावे, यामागची दृष्टी ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रे प्रथम कोणी पाहायची, याचे उत्तर त्यात आहे.

शाळेपासून सुरू झालेले काम

दुसरे उदाहरण गौरी गिल यांचे. हे एका शाळेतून सुरू होते, म्हणून शाळेच्या या व्यासपीठावर ते सांगणे अगत्याचे आहे. १९९९ साली राजस्थानच्या वाळवंटी भागात प्रवास करताना एका खेड्यातील शाळेत शिक्षक एका लहान मुलीला मारत असल्याचे त्यांनी पाहिले. ग्रामीण शाळांवर छायाचित्रमालिका करावी असे त्यांना वाटले. त्या तेव्हा नियतकालिकात काम करीत होत्या, पण खेड्यातील शाळा ही बातमी ठरत नव्हती. ज्यात 'घडले' असे काही नाही, ते छापायचे कशाला? तेव्हा त्या स्वतःहून जाऊ लागल्या, आणि जातच राहिल्या. दुष्काळ, हिवताप, लग्ने, मृत्यू, भटक्या जोग्यांचे तळ हे सर्व त्यात आले. एका वृद्ध सुईणीने, आपण जिला वैजीण म्हणतो तिने, स्वतःच्या नातीच्या जन्मवेळी त्यांना बोलावून घेतले. झोपडीच्या जमिनीवर झालेल्या त्या जन्माची छायाचित्रे या कामात आहेत. असे बोलावणे ओळखपत्र दाखवून मिळत नाही. 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट' या नावाने चालू राहिलेल्या या कामाला २०२३ साली प्री पिक्तेत हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, २००३ साली, लूणकरणसर येथील बालिका मेळ्यात त्यांनी एक तंबू उभारला आणि मुलींना सांगितले की ज्यांना फोटो काढून हवा असेल त्यांनी यावे. कशा उभ्या राहणार, कोणाबरोबर, हातात काय धरणार, हे मुलींनी ठरवायचे. मार खाणाऱ्या मुलीपासून सुरू झालेले काम स्वतःची उभे राहण्याची तऱ्हा स्वतः ठरविणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचले. याहून मोठी शैक्षणिक घटना कोणती असेल?

याच गौरी गिल पुढे महाराष्ट्रात आल्या. पालघर जिल्ह्यातील जव्हार भागात कोकणा आणि वारली समाजाचा बोहाडा नावाचा उत्सव होतो. रात्रीमागून रात्री देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे निघतात. त्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. पेडण्यातील दशावताराच्या प्रेक्षकाला हे जग परके वाटणार नाही. संकासुर आला की मुले आईच्या पदराआड लपतात, ते आपणही पाहिलेले आहे. गौरी गिल यांनी त्या उत्सवाची छायाचित्रे काढून समाधान मानले नाही. तेथील मुखवटे घडविणाऱ्या कलावंतांना त्यांनी मोबदला देऊन नवे मुखवटे करण्याची विनंती केली. मात्र ते देवांचे नकोत, आजच्या जगण्याचे असावेत. मग कोणी पशुपक्ष्यांचे केले, कोणी माणसाच्या रागालोभाचे, कोणी नेहमीच्या वापरातील वस्तूंचे. गावकऱ्यांनी ते चढवून दुकानात, दवाखान्यात, घराच्या ओसरीवर आपापले प्रसंग उभे केले. २०१५ पासून चाललेले हे काम 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स' या नावाने प्रसिद्ध आहे. २०१७ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते मांडले गेले. सरकारी अहवालात 'आदिवासी' या एका शब्दात बसविलेली माणसे येथे नट झाली, आणि प्रसंगाची लेखकही झाली.

त्याआधी, २०१३ च्या सुमारास, डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू झाले होते. वांगड गाव दाखवीत आणि त्या त्या जागेची गोष्ट सांगत; छायाचित्रात मात्र नुसते शेत, डोंगर, झाड येई. गोष्ट कोठे गेली? तेव्हा वांगड यांनी छापलेल्या छायाचित्रावरच वारली शैलीत रेखाटन केले. जे कॅमेऱ्याला दिसले नाही ते हाताने परत आणले. त्या चित्रांवर दोघांचीही नावे असतात.

ज्यांच्याकडे आपण पाहत नाही

मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी शहराच्या सफाई कामगारांवर दीर्घ काळ काम केले. मॅनहोलमध्ये उतरणारी, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर राबणारी, मेलेली जनावरे उचलणारी ही माणसे लक्षावधी लोकांच्या रोजच्या वाटेवर असतात. पण त्यांच्याकडे पाहायचे नाही, अशी आपल्या समाजाने डोळ्यांना सवय लावलेली आहे. ओलवे यांच्या कृष्णधवल चित्रांत कामाची जागा आहे, तशीच घरेही आहेत; संसार आहे, मुले आहेत. घर दाखविणे हे येथे फार महत्त्वाचे आहे. गटारात उतरलेला माणूस पाहणाऱ्याला दया येते आणि दया लवकर विरते. तोच माणूस संध्याकाळी आपल्या मुलांत बसलेला दिसला की दयेच्या जागी लाज येते, आणि लाज अधिक काळ टिकते. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

कधी कधी पाहायचे टाळलेले माणूस आपल्याच घरात असते. सोहराब हुरा यांच्या आईला १९९९ साली तीव्र मानसिक आजाराचे निदान झाले, तेव्हा ते वयाने विशीतही पोहोचले नव्हते. अशा घरांची दारे हळूहळू बंद होतात. पाहुणे थांबतात, भिंतींना पोपडे येतात. पुढे छायाचित्रकार झाल्यावर या मुलाने कॅमेरा आईकडे वळविला. २०१५ आणि २०१८ साली आलेल्या त्यांच्या दोन पुस्तकांत आई आहे, तिची लाडकी कुत्री आहे, अंथरुण, खिडकी, उजेड आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या नावाचा भावार्थ 'बाहेर ऊन पडते आहे' असा. मानसिक आजार हा आपल्याकडे अजूनही कुजबुजीचा विषय आहे. त्या कुजबुजीला मुलाने आईच्या सहवासाने उत्तर दिले.

या उदाहरणांचा अर्थ

या सर्व उदाहरणांत काही समान आहे. पहिले म्हणजे काळ. कोणीही एका भेटीत काम उरकलेले नाही. दुसरे म्हणजे नकाराला दिलेला मान. मोनांनी रोल परत मागितला तो क्षण हा त्या प्रकल्पाचा पाया ठरला. ज्याला 'नको' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नसते. तिसरे म्हणजे वाटा. मजकूर मोनांचा, रेखाटन वांगडांचे, मुखवटे आणि प्रसंग जव्हारच्या मंडळींचे. छायाचित्रात असलेला माणूस येथे कर्त्यांपैकी एक झाला.

याचा अर्थ प्रश्न मिटले, असे मात्र नव्हे. पुस्तकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव बहुधा छायाचित्रकाराचेच असते. पुरस्कार त्यालाच मिळतो, चित्राची किंमतही त्याच्याच हाती येते. मैत्री कितीही खरी असली तरी एकजण विमानाने परततो आणि दुसरा तेथेच राहतो. शिवाय नाव छापणे नेहमीच हिताचे असते असेही नाही. काहींना निनावी राहण्यातच सुरक्षितता असते. म्हणून नियम एवढाच करता येईल की नाव द्यायचे की झाकायचे, हे ज्याचे नाव आहे त्याने ठरवावे. हा नियम साधा दिसतो. पण 'द पीपल ऑफ इंडिया'च्या कर्त्यांना तो सुचला नव्हता, आणि हातात मोबाईल घेऊन अपघाताच्या जागी धावणाऱ्या आजच्या गर्दीलाही तो सुचत नाही.

गोव्याचे चित्र कोणी काढायचे?

आता आपल्याकडे वळू. गोव्याची जितकी छायाचित्रे निघतात तितकी देशातील फार थोड्या प्रदेशांची निघत असतील. पण त्यांपैकी बहुसंख्य चित्रांत किनारा असतो, माडांची रांग असते, चर्चची पांढरी दर्शनी बाजू असते. गोवेकर त्यात असलाच तर देखाव्याचा भाग म्हणून असतो. हेही एका अर्थी नमुन्याचेच छायाचित्रण आहे. सरकारऐवजी पर्यटन आले, एवढाच फरक.

या प्रवाहाविरुद्ध काही चांगली कामे झाली आहेत. जाहिरात आणि फॅशन यांतील नामवंत छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता गोव्यात राहिले. त्यांच्या व्यवसायाचे जग झगमगाटाचे होते. परंतु गोव्यातील कॅथलिक समाजावरील त्यांच्या कृष्णधवल 'एज ऑफ फेथ' या २००९ सालच्या पुस्तकात झगमगाट नाही. जुन्या घरांतील शांत, काहीशी एकाकी माणसे आहेत. २०१२ साली दासगुप्ता अकाली गेले. त्यांच्याही आधी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, करण कपूर यांनी गोव्यातील जुन्या कॅथलिक कुटुंबांची छायाचित्रे काढली; ती २०१६ साली 'टाइम अँड टाइड' या प्रदर्शनात पाहावयास मिळाली.

ही कामे मोलाची आहेत. पण जुन्या काबिजादीतील प्रशस्त घर आणि त्याचा उतरता काळ या विषयाने कलावंतांना जितके ओढले, तितके पेडणे, डिचोली आणि मुरगाव यांनी ओढलेले नाही, असे मला वाटते. त्यांतील डिचोली आणि मुरगाव या दोन तालुक्यांना जोडणारी एक कथा तर डोळ्यांसमोर आहे. डिचोलीच्या डोंगरातून निघालेले खनिज ट्रकांनी धक्क्यावर येई, बार्जमधून मांडवीच्या पात्रातून उतरे आणि मुरगाव बंदरात जहाजात चढे. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्या वेळी वृत्तपत्रांत रांगेने उभ्या ट्रकांची आणि मोर्चांची चित्रे आली. परंतु नदीचे वळण अंगवळणी पडलेला बार्जवरील तांडेल, कर्ज काढून ट्रक घेतलेला तरुण, ज्याच्या शेतात पावसाबरोबर खाणीची माती उतरली तो शेतकरी, या तिघांच्या घरी दहा वर्षे जात राहिलेला छायाचित्रकार कोठे आहे? या तिघांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत. म्हणूनच हा विषय एका चित्राचा नाही, दहा वर्षांचा आहे.

मुरगावचीच आणखी एक बाजू पाहा. २००४ च्या जूनमध्ये बायण्यातील वस्ती पाडली गेली. पाडापाडीच्या दिवशी कॅमेरे येतात आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. तेथून उठलेली माणसे पुढे कोठे राहिली, त्यांची मुले कोणत्या शाळेत गेली, हे सांगणारे चित्र घटनेच्या दिवशी काढता येत नसते. तसेच पेडण्याचे. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाला. दाबोळीच्या विमानतळाभोवती गेल्या सहा-सात दशकांत वस्ती, धंदे आणि भाषा कशा बदलल्या, हे मुरगावकरांनी पाहिले आहे. पण पाहिले म्हणून नोंदले असे होत नाही. मोपाच्या पठारावर काजूच्या बागा आणि गुरांच्या वाटा होत्या. त्या वाटा ज्यांना तोंडपाठ आहेत ती पिढी आज हयात आहे. वीस वर्षांनी नसेल.

शाळेने काय करावे?

यासाठी मोठा कलावंत येण्याची वाट पाहावी लागेल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. विकी रॉय यांचे उदाहरण घ्या. घरातून पळालेला, नवी दिल्ली स्थानकावर कचरा वेचणारा हा पुरुलियाचा मुलगा सलाम बालक ट्रस्टच्या आश्रयाला आला आणि तेथे छायाचित्रण शिकला. २००७ साली त्याने 'स्ट्रीट ड्रीम्स' हे प्रदर्शन भरविले, ते आपल्यासारख्याच मुलांचे. ज्याचे चित्र इतरांनी काढले असते त्याने स्वतः कॅमेरा धरला. मुरगावची मुले हे का करू शकणार नाहीत? कॅमेरा आज त्यांच्या खिशात आहे. त्यांना शिकवायचे आहे ते यंत्र नव्हे. त्यांना विचारायला शिकवायचे आहे. काढू का? कोणाला दाखवू? तुमचे नाव काय? काढलेली प्रत तुम्हाला केव्हा आणून देऊ?

शाळांकडे एक छायाचित्रप्रकार पूर्वीपासून आहे, आणि तो या सर्व विवेचनात अभिमानाने बसतो. तो म्हणजे वर्गाचा समूहफोटो. खुर्चीवर बसलेले, मागे उभे, जमिनीवर बसलेले. खाली डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे. जेव्हा सरकारी ग्रंथ माणसाखाली जात लिहीत होते, त्याच्या पुढच्याच पिढ्यांत शाळा चेहऱ्याखाली नाव लिहू लागली. गोदी कामगाराचा मुलगा आणि अधिकाऱ्याचा मुलगा एकाच रांगेत, सारख्याच अक्षरांत. मात्र अशा जुन्या फोटोंच्या कडेला अनेकदा एक माणूस उभा असतो. घंटा देणारा, पाणी भरणारा, सुटीनंतर वर्ग झाडणारा. त्याचा चेहरा स्पष्ट असतो, आणि खालच्या यादीत पुष्कळदा त्याचे नाव नसते, किंवा नावाच्या जागी 'शिपाई' एवढाच शब्द असतो.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो, त्यांनी हजेरीपटावरील एकही नाव कधी चुकीचे उच्चारले नसेल. चांगल्या शिक्षकाची ती पहिली खूण असते. आपल्या घरी जे समूहफोटो असतील ते या महिन्यात बाहेर काढा. वाळवी आणि आपल्या पावसाळ्याची दमट हवा त्यांना फार दिवस ठेवणार नाही. त्यांची प्रत करून शाळेकडे द्या, आणि मागे शिसपेन्सिलीने नावे लिहा. शाईने नको, ती पुढे फुटते. वर्ष लिहा, गाव लिहा. कडेला उभ्या असलेल्या माणसाचे नाव आठवत नसेल तर वर्गमित्रांना विचारा, त्याच्या वाड्यावर जाऊन विचारा, त्याच्या मुलांना ती प्रत नेऊन द्या. त्या फेरीत चार गोष्टी ऐकायला मिळतील. त्या वहीत उतरवा. छायाचित्र-प्रकल्प म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसतो.